युरियाच्या पोत्यातून निघणारं रसायन

(विज्ञान दिनाला तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित)

मागच्या पोरांनी पुढे या. माइकचा भरवसा नाही, आणि लाइनीचा तर त्याहून नाही.

टेबलावरचं पोतं पाहून मघाशी एका काकांनी विचारलं, "सर जी, आज खताचं भाषण हाय काय?" खताचं नाही, पण पोतं मुद्दाम आणलं आहे. रिकामंच आहे, घाबरू नका. ४५ किलो युरियाचं. पऱ्हाटीला टाकतो तोच.

युरिया बनतो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड या दोन वायूंपासून. आता हा युरिया जमिनीत न टाकता मिथेनॉल नावाच्या विषारी अल्कोहोलसोबत, योग्य उत्प्रेरक घालून, बंद भांड्यात तापवला तर अमोनिया पुन्हा सुटतो. ओल लागलेल्या युरियाच्या पोत्याला जो नाकात झोंबणारा वास येतो, तो त्याचाच. आणि मागे राहतं डायमिथाइल कार्बोनेट. आपण डीएमसी म्हणू.

फळ्यावर हिशेब करू. ४५ किलो युरिया, ४८ किलो मिथेनॉल. निघेल ६७.५ किलो डीएमसी आणि २५.५ किलो अमोनिया. बेरीज करून पाहा, दोन्हीकडे ९३. हा कागदावरचा हिशेब झाला. भांड्यात हे दोन पायऱ्यांत घडतं आणि दुसरी पायरी फार रेंगाळते, त्यामुळे एवढं पदरात पडत नाही. पण गंमत त्या अमोनियाची आहे. तो परत युरियाच्या कारखान्यात पाठवता येतो. म्हणजे खरी सोयरीक झाली कार्बन डायऑक्साइडची आणि मिथेनॉलची. अमोनिया नुसता मध्यस्थ, जेवला आणि घरी गेला.

दिसायला हा द्रव पाण्यासारखा, वास गोडसर. ९० अंश सेल्सिअसला उकळतो, चार अंशांच्या आसपास गोठतो. थंडीत आपल्याकडे पारा आणखी थोडा घसरला, तर बाटलीतच त्याचा गोळा होईल.

आता याचं जुनं घराणं ऐका. पूर्वी डीएमसी फॉस्जीनपासून बनवत. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडलेला विषारी वायू. वास पावसात भिजून कुबट झालेल्या गवतासारखा. म्हणजे आपल्यासारख्या गोठ्याची सवय असलेल्या माणसाला तर संशयही यायचा नाही. फुप्फुसात पाणी भरायला कधी कधी काही तास लागतात, तोवर माणूस चालताबोलता. असा वायू वापरून शेवटी सौम्य द्रव हाती आला, तर त्याला हिरवं, म्हणजे निसर्गाला कमी त्रास देणारं, म्हणायचं का? मी म्हणणार नाही. रसायनाची कुंडली मांडताना बाटलीवरच्या नावाआधी ते आलं कोणत्या रस्त्याने, हे बघावं लागतं.

रस्ता बदलला १९८३च्या सुमारास. इटलीत राव्हेन्ना इथे मिथेनॉल, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांच्यापासून, तांब्याच्या क्षाराच्या मदतीने, डीएमसी बनू लागलं. फॉस्जीन लागलंच नाही. कार्बन मोनॉक्साइडही विषारीच, हे खरं. पण क्लोरीनचा आणि उरलेल्या आम्लाचा पसारा गेला.

आणि पुढच्याच वर्षी, २ डिसेंबर १९८४च्या रात्री, भोपाळ. तिथे गळला तो मिथाइल आयसोसायनेट, आणि तो बनवायला फॉस्जीनच लागत होता. कशासाठी? कार्बारिल नावाच्या कीटकनाशकासाठी. इथल्या म्हाताऱ्यांना ते 'सेविन' या नावाने आठवत असेल, पऱ्हाटीवर मारलंही असेल. आणि २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना जी माणसं दगावली, त्यांनी फवारलेली औषधं वेगळी होती. पण पाठीवर पंप घेणाऱ्याला विष कारखान्यात सांडलं की शिवारात, याने काय फरक पडतो?

फॉस्जीनची बरीच कामं डीएमसी करू शकतं. चष्म्याची भिंगं, पाण्याचे मोठे जार ज्या पॉलिकार्बोनेटचे असतात, ते आता फॉस्जीनशिवायही बनतं. आयसोसायनेटकडे जाणाराही फॉस्जीन टाळणारा रस्ता निघतो. अर्थात तिथे पोचल्यावर आयसोसायनेट तेवढाच जहाल, हे विसरू नका.

दुसरं काम मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा तुकडा, जोडण्याचं. औषधं, सुगंधी द्रव्यं यांच्यासाठी ते सतत लागतं. जुना गडी डायमिथाइल सल्फेट: कातडीतून आत शिरतो, कर्करोगाचा संशय, वर सल्फेटचा कचरा मागे ठेवून जातो. डीएमसीचं काम झालं की उरतं मिथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड. आणि हा एकच बैल वखरालाही चालतो, बंडीलाही: ९० अंशांच्या आसपास तो सहसा आपला कार्बोनिलचा, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनच्या जोडीचा, भाग देतो, दीडशेच्या वर नेला की मिथाइल देतो. तापमान बदललं की काम बदललं! व्हेनिसच्या पिएत्रो तुंडो यांनी यावर खूप काम केलं आहे.

तिसरं काम तुमच्या खिशात आहे. मोबाइलच्या लिथियम बॅटरीतलं इथिलीन कार्बोनेट ३६ अंशांच्या खाली घट्ट असतं. ते पातळ राहावं, लिथियमला सहज ये-जा करता यावी, म्हणून त्यात डीएमसीसारखे पातळ द्रव मिसळतात.

दोष? आहेत. ठिणगी मिळाली तर १७-१८ अंशांनाच त्याची वाफ पेट घेते, आणि आपल्या मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. शरीरात गेलं तर त्याचं मिथेनॉल होतं, म्हणून हुंगत बसायचं नाही. मिथेनॉल बहुतेक अजून नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच येतं. त्यातून, मिथेनॉल आणि डीएमसी एकत्र आले की ७०-३०च्या प्रमाणात ६४ अंशांना सोबतच उकळतात. नुसत्या उकळण्याने वेगळे होत नाहीत, आणि वेगळे करण्यातच इंधन जातं.

इथे एका मुलीने विचारलं, "सर, मग आपणच युरियाचे पोते कारखान्याले देले तर? भाव तरी भेटन."

बाई, अनुदानाचा युरिया कारखान्यात वळवणं गुन्हा आहे. तो तिकडे पळू नये हेही युरियाला निमतेल चोळण्यामागचं एक कारण आहे. तुझ्या आधी बऱ्याच जणांना ही कल्पना सुचून गेली आहे.