नऊला दर, साडेनऊला फोन

नमस्कार श्रोतेहो.

जून १९९१. देशाकडे परकीय चलन उरलं होतं जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं. पुन्हा सांगतो, दोन आठवड्यांच्या. खनिज तेल, खतं, खाद्यतेल, यंत्रांचे सुटे भाग, सगळं त्यातच आलं. आखाती युद्धानं तेल महागलं होतं, कुवेतहून घरी येणारे पैसे आटले होते आणि परदेशातले भारतीय इथल्या बँकांमधल्या ठेवी काढून न्यायला लागले होते.

डॉलर नाहीत म्हटल्यावर रिझर्व्ह बँकेनं आयातीचा गळा आवळला. आयातदाराला बँकेत एल.सी., म्हणजे परदेशी विक्रेत्याला पैसे मिळतील अशी बँकेची हमी, उघडताना काही रक्कम आगाऊ ठेवावी लागायची. ऑक्टोबर १९९०मध्ये ती मालाच्या किमतीच्या ५० टक्के झाली. मार्चमध्ये १३३ टक्के आणि एप्रिल १९९१मध्ये २०० टक्के. भांडवली यंत्रसामग्रीला सूट होती, बाकीच्यांनी १० लाखांचा माल मागवायचा तर २० लाख बँकेत ठेवायचे. आता एवढे पैसे अडकवून बेअरिंग कोण मागवणार? आणि बेअरिंग नाही तर यंत्र उभं, यंत्र उभं तर निर्यातीचा माल कुठून येणार? हिऱ्यांचंच बघा. कच्चा हिरा बाहेरून येतो, पैलू पाडून बाहेर जातो. आयात बंद केली की निर्यातही बंद. आयात दाबली की निर्यात मरते, हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागेल.

त्याआधीची चाळीस वर्षं दोन प्रश्नांवर चालली होती. वस्तू खरंच गरजेची आहे का? आणि ती देशात बनते का? गरजेचा दाखला एकीकडून, "देशात बनत नाही" असा दाखला दुसरीकडून, मग आयात-निर्यात नियंत्रकाच्या कचेरीत अर्ज, मग परवाना. देशात कुणी एकानं तीच वस्तू वाईट आणि दुप्पट किमतीला बनवली, तरी तुमचा अर्ज अडकला. परवाना म्हणजे स्वस्त डॉलरचं कूपन होतं. ते कुणाला द्यायचं, हे टेबलापलीकडचा माणूस ठरवायचा.

आता रुपयाच्या दराची ती तीन दिवसांची गोष्ट.

२१ जूनला नरसिंह राव पंतप्रधान झाले. हे रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले आणि अस्खलित मराठी बोलणारे गृहस्थ. आपल्याकडे मात्र त्यांना अजून "आपला" कुणी म्हणत नाही, ही आपलीच कंजुषी. असो. अर्थमंत्री मनमोहन सिंग, वाणिज्यमंत्री पी. चिदंबरम. मुंबईत मिंट रोडवर रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर होते सी. रंगराजन.

रुपयाचं अवमूल्यन करायचं, म्हणजे डॉलरच्या तुलनेत त्याची किंमत मुद्दाम उतरवायची ठरलं. पण कसं? त्या काळी रुपयाचा दर बाजार ठरवत नव्हता, रिझर्व्ह बँक जाहीर करायची. आणि अवमूल्यन होणार अशी नुसती कुजबुज उठली तरी काय होतं, ते ऐका. समजा, इचलकरंजीच्या निर्यातदाराचे एक लाख डॉलर परदेशातून यायचेत. डॉलर २१ रुपयांना आहे, म्हणजे हाती २१ लाख. उद्या तो २६ होणार असेल तर २६ लाख. पैसे आणायला त्याला सहा महिन्यांची मुदत. तो आज कशाला आणेल? आयातदार मात्र उलट करणार. उद्या डॉलर महाग, तर आजच बिल चुकवा. येणारे डॉलर थांबले, जाणारे धावत सुटले. दोन आठवड्यांची पुंजी दोन दिवसांत संपायची.

म्हणून दोन टप्पे, तेही पाठोपाठ. पहिला लहान, बाजाराची नाडी बघायला. दुसरा मोठा. या बेताला सांकेतिक नावही होतं, हॉप, स्किप अँड जंप. शाळेच्या मैदानावरची तिहेरी उडी! उड्या दोन आणि नाव तिहेरीचं, पण सरकारी कामात एवढं चालायचंच.

सोमवारी, १ जुलैला पहिली उडी पडली. रुपया साधारण ९ टक्क्यांनी उतरला. आणि आरडाओरडा सुरू झाला. सरकार अल्पमतातलं, जुन्या लोकांच्या मनात १९६६ ताजं. त्या वर्षी ६ जूनला इंदिरा गांधींनी डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसातवर नेला होता आणि स्वतःच्या पक्षाचेच बोल खाल्ले होते. रावांचं मन कचरलं. बुधवारी, ३ जुलैला सकाळी त्यांनी अर्थमंत्र्यांना सांगितलं, दुसरा टप्पा थांबवा.

मनमोहन सिंगांनी मुंबईला रंगराजनांना फोन लावला. वेळ सकाळी साडेनऊच्या सुमाराची. आणि नवा दर जाहीर झाला होता नऊ वाजता!

नऊला दर, साडेनऊला फोन. उडी मारून झाली होती. मारलेली उडी हवेतून परत घेता येत नाही आणि जाहीर केलेला दरही नाही. दुसरा टप्पा साधारण ११ टक्क्यांचा होता. दोन्ही मिळून डॉलर २१ रुपयांवरून २६ रुपयांच्या घरात गेला. तो फोन अर्धा तास आधी लागला असता तर? तर निम्मं अवमूल्यन झालं असतं, निम्मं लोंबकळत राहिलं असतं आणि निर्यातदार "उरलेलं कधी?" म्हणत डॉलर बाहेरच दाबून बसले असते. अर्धवट अवमूल्यन हे अजिबात न केलेल्यापेक्षा वाईट. माझं तर मत असं की "रुपया पडला" म्हणजे देशाचं नाक कापलं, ही समजूतच आपल्याला सगळ्यात महाग पडली. चलन हा भाव आहे, झेंडा नव्हे.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच बुधवारी अर्थमंत्र्यांनी चिदंबरम यांच्याकडे आपला हिशोब मांडला. निर्यातदाराला अवमूल्यनानं एवढं मिळालं, तर सरकार त्याला देत असलेली रोख भरपाई आता बंद करा. वाणिज्य खात्याला ही भरपाई म्हणजे जीव की प्राण. चिदंबरम आणि त्यांचे सचिव माँटेकसिंग अहलुवालिया यांनी तोड काढली. रोख बंद, बदल्यात निर्यातदाराला द्यायचा एक कागद. संध्याकाळपर्यंत पंतप्रधानांची संमती मिळाली आणि ४ जुलैला नवं व्यापार धोरण जाहीर झालं. चाळीस वर्षांचा पसारा, आवरायला लागला एक दिवस. त्याच तारखेपासून १८ जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेनं ४६.९१ टन सोनं तारण म्हणून परदेशी पाठवलं. त्यावर ४० कोटी ५० लाख डॉलर उभे राहिले. पेपरांनी सोन्याची गोष्ट लावून धरली. कागदाची गोष्ट मागे पडली, ती आज सांगतो.

कागदाचं नाव एक्झिम स्क्रिप. समजा, तुम्ही १० लाखांची निर्यात केली. तुम्हाला तिच्या ३० टक्के, म्हणजे ३ लाखांची आयात करायचा हक्क लिहून मिळाला. आधी असे हक्क मिळायचे ५ ते २० टक्के, वस्तूगणिक वेगळे. आता सरसकट ३०. तुम्हाला आयात करायची नाही? कागद बाजारात विका. ज्याला बेअरिंग हवंय तो विकत घेईल. समजा, त्यानं दर्शनी किमतीवर ३० टक्के अधिक मोजले, तर तुमच्या खिशात ९० हजार जादा, आणि सरकारच्या तिजोरीतून दमडीही गेली नाही. त्या बेअरिंगवाल्याला गरजेचा दाखला लागला नाही, कुणाच्या दारात बसावं लागलं नाही. कूपन तेच, वाटणारा बदलला. आयात दाबली की निर्यात मरते, म्हटलं होतं ना? या कागदानं दोन्हींची गाठ उलटी मारली. निर्यात वाढली तर आयात वाढेल, आपोआप.

स्क्रिप जेमतेम आठ महिने जगला. मार्च १९९२मध्ये दुहेरी दर आले. कमावलेल्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दरानं बँकेला द्यायचे, ६० टक्के बाजारभावानं विकायचे. वर्षभरात तेही गेलं आणि मार्च १९९३पासून एकच बाजारभाव. आयात शुल्काची कमाल पातळी जुलै १९९१मध्ये १५० टक्क्यांवर आणली, तीच शेतमाल सोडून बाकी मालावर २००७पर्यंत १० टक्क्यांवर आली. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरचे संख्येचे निर्बंध मात्र १ एप्रिल २००१पर्यंत रेंगाळले.

पण "शेतमाल सोडून" म्हटलं ना, तिथेच माझी तक्रार आहे. कारखानदाराची परवान्यातून सुटका झाली, कांदेवाल्याची झाली नाही. ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला थेट बंदी. मे २०२४मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ला तेही गेलं. वीस महिन्यांत सहा फेरबदल. लासलगावला लिलावात कांदा घेऊन दुबईच्या गिऱ्हाईकाशी डॉलरमध्ये भाव ठरवणाऱ्या माणसानं तो बोलायचा कसा? कांदा जेएनपीटी बंदरात पोचेपर्यंत शुल्क लागलं तर ते कोण भरणार, हे आता सौद्यातच लिहून घ्यावं लागतं. गिऱ्हाईक म्हणतं, लिहून देत नाही. आणि ते पाकिस्तान नाहीतर इजिप्तच्या कांद्याचा भाव विचारायला लागतं.

नमस्कार.