शाई, पाणी आणि पोथी

नमस्कार मंडळी! जेवणाच्या आधीचं भाषण आहे, त्यामुळे थेट विषयावर येतो.

पोथीला पाय लागला की आपला हात आपोआप नमस्काराला जातो, आणि आपल्याला वाटतं हे वेदांपासूनच चालत आलं असणार. पण वेदवाले लिखाणाला फार भाव देत नव्हते! पाणिनीय शिक्षेत, म्हणजे उच्चार शिकवणाऱ्या जुन्या ग्रंथात, वाईट पाठक सहा प्रकारचे सांगितलेत, त्यात गाणं गायल्यासारखं म्हणणारा, घाई करणारा, मान डोलवणारा यांच्याच रांगेत लिहिलेलं बघून वाचणाराही बसवलाय. कारण ताकद उच्चारात, स्वर चुकला की मंत्र बिघडला. म्हणून तर जटापाठ, घनपाठ, शब्द उलटसुलट फिरवून इतके घोकायचे की एक अक्षर हललं तरी लगेच पकडलं जायचं. पुण्यात भांडारकर संस्थेतली ऋग्वेदाची ३० हस्तलिखितं २००७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, त्यातलं सगळ्यात जुनं १४६४ सालचं, म्हणजे ऋग्वेदाच्या मानाने अगदी कालपरवाचं. (आपल्या हवेत भूर्जपत्रं टिकत नाहीत हेही आहेच.)

इजिप्तमध्ये सगळं उलटं. तिथे लिपीच थोथ देवाची देणगी, होरस देवाच्या शिळेवर मंत्र कोरलेले, त्यावर पाणी ओतायचं आणि ते विंचू चावलेल्याला पाजायचं, वाचता येण्याची गरजच नाही. बायबलच्या 'गणना' पुस्तकातही नवऱ्याला संशय आला की याजकाने शाप लिहायचे, ती अक्षरं पाण्यात धुवायची आणि बायकोला प्यायला लावायची. बिचारी! नवऱ्याची मात्र परीक्षा नाही. पण अक्षर स्वतःच काम करतं ही समजूत पक्की, आणि जिथे ती असते तिथे ग्रंथ ही वस्तूच पवित्र व्हायला वेळ लागत नाही.

आता देहूला या. वह्या इंद्रायणीत बुडवल्या, आणि तुकोबा स्वतःच देवाला म्हणतात, "उदकी राखिले कागद". इथे शाई विरघळत नाही हाच पुरावा. ज्यांना हा चमत्कार पटत नाही ते म्हणतात, अहो, अभंग लोकांना पाठ होते म्हणून टिकले. मला याची गंमत वाटते, कारण हे मॉडर्न वाटणारं उत्तर म्हणजे त्या जुन्या घनपाठ्यांचाच मुद्दा आहे, फक्त यावेळी तो वारकऱ्यांच्या बाजूने लागू पडतो.