पाचोळ्याची पोती

(लघु-माहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य : फेब्रुवारीतली सकाळ. कोथरूडमधला रस्ता. खराट्याचा आवाज.]

पुण्यात फेब्रुवारी लागला की झाडणाऱ्यांचं काम दुपटीनं वाढतं. रेन ट्रीची बारीक पानं रस्ताभर, पिंपळाची करकरीत, आणि देशी बदामाची तांबडी, ताटाएवढी. खराटा पुढे सरकतो आणि झाडून झालेल्या जागी पुन्हा पानं पडतात. कडेला ढीग लागतो. या ढिगाचं करायचं काय, याचं सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे काडी.

[दृश्य : पदपथाच्या कडेला धुमसणारा ढीग. धूर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत.]

दवानं ओलसर झालेली पानं भडकत नाहीत, नुसती धुमसत राहतात. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये अल्मित्रा पटेल यांच्या याचिकेवर निकाल देताना उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या प्रकारात दंड 5 हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25 हजार. हे चित्रीकरण त्यानंतरचं आहे, आणि ते करण्यासाठी आम्हाला कुठे लपून बसावं लागलेलं नाही.

[दृश्य : त्याच गल्लीतली सोसायटी. जिन्याखाली रचलेली गच्च भरलेली पोती.]

पन्नास पावलांवर हीच पानं कुणी तरी पोत्यात भरून, तोंड शिवून ठेवलीत. धान्य साठवावं तशी.

[दृश्य : स्वयंपाकघर. विळीवर दोडका.]

पोती काकूंची. घरात माणसं तीन. ओट्याखाली झाकणाचा डबा आहे, त्यात काय जातं ते बघा. मेथीच्या जाड काड्या, मटारची टरफलं, चहाचा चोथा, केळ्याची सालं. दोडक्याच्या शिरा मात्र जात नाहीत. त्या तव्यावर कुरकुरीत होतात, वर तीळ आणि सुकं खोबरं, की झाली चटणी. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वाटणात, रात्रीच्या पोळ्या सकाळी फोडणीला. यातलं काहीही काकू पर्यावरणासाठी करत नाहीत. त्यांच्या सासूबाई करायच्या म्हणून त्या करतात. कचरा कमी करण्याच्या याद्या आजकाल खूप फिरतात. त्यांत दोडक्याच्या शिरा आम्हाला तरी दिसल्या नाहीत.

[दृश्य : गॅलरी. वीस लिटरची रंगाची बादली, बाजूला भोकं पाडलेली. जवळून हात.]

आता बादली. रंगकाम झाल्यावर उरलेली, धुऊन घेतलेली. तळाला नारळाच्या शेंड्या, म्हणजे पाणी साचत नाही आणि खालून हवा खेळते. त्यावर मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक. खत करणारे जिवाणू त्यातून येतात. घर बांधायला पहिले गवंडी हवेतच. मग दिवसाचा डबा रिकामा करायचा, मोठे तुकडे हातानं मोडायचे, आणि वर पाचोळा. एक वाटी खरकटं असेल तर दोन वाट्या पानं. इथेच बहुतेकांचं चुकतं. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन भरपूर, पाणी त्याहून भरपूर. सुक्या पानांत कार्बन. जिवाणूंना एक भाग नायट्रोजनामागे साधारण 25 ते 30 भाग कार्बन लागतो. नुसतं खरकटं टाकत गेलं की हवा कोंडते, सडायला लागतं, वास सुटतो, आणि आठवड्याभरात घरचे म्हणतात, "हे खूळ पुरे आता." वासाला कारण खरकटं नसतं, कमी पडलेली पानं असतात.

[दृश्य : मूठ. दाबलेला मऊ काळपट लगदा.]

काकूंची परीक्षा सोपी आहे. मूठभर घ्यायचं आणि दाबायचं. बोटांतून पाणी ठिबकलं तर पानं घाला. भुगा होऊन पडलं तर पाणी शिंपडा. तळहाताला नुसती ओल लागली की बरोबर.

[दृश्य : वळवळणाऱ्या अळ्या. अगदी जवळून.]

या दृश्यावर आमच्यात वाद झाला. ठेवायचं की काढायचं? ठेवलं, कारण बादली सोडून देणारे बहुतेक लोक याच दिवशी सोडतात. या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आहेत. चावत नाहीत, रोगराई पसरवत नाहीत. यांची मोठी झालेली माशी घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही. जिवाणू जे काम हळूहळू करतात ते या अळ्या चटकन उरकतात. फारच झाल्या तर वर पानांचा जाड थर द्यायचा. हां, चिलटं होतात. ती लपवण्यात अर्थ नाही. झाकण नीट लावायचं आणि कडुनिंबाची पानं टाकायची.

[दृश्य : सोसायटीचा मागचा कोपरा. तारेच्या जाळीचा मोठा पिंजरा. ढिगातून निघणारी वाफ. थर्मामीटर.]

बादली फारशी तापत नाही. ढीग तापतो. छातीएवढा पिंजरा, त्यात पानं आणि सगळ्या घरांचा ओला कचरा, थरावर थर. सकाळी फावडं घातलं की वाफ येते. काटा पन्नाशीच्या पुढे गेलाय. बाहेरून कुणी विस्तव लावलेला नाही. आत कोट्यवधी जिवाणू जेवतायत, त्यांची ही ऊब. ढीग उलटायचा, हवा द्यायची, पुन्हा तापू द्यायचा. रेन ट्रीची पानं पटकन जिरतात. बदामाची एकमेकांना चिकटून पापुद्रे धरतात, ती आधी चुरायची. आंबा-फणसाची चिवट, त्यांना वेळ द्यावा लागतो.

हा पिंजरा बसवायचा ठराव ज्या मीटिंगमध्ये झाला तिथे कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. मीटिंग लांबली एवढंच कळलं. गांडूळखत प्रकल्प असलेल्या मिळकतींना महापालिका करात सवलत देते, हा मुद्दा आल्यावर आवाज खाली आले म्हणतात.

[दृश्य : ढकलगाडी. हातमोजे घातलेले हात सुका कचरा वेगळा करताना.]

ओला कचरा घरात थांबला की दाराशी येणाऱ्या ताईंच्या हातात काय पडतं, ते इथे दिसतं. कोरडा कागद, कोरडी पिशवी, कोरडी बाटली. आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही, कोरड्याला देतो. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, 1993 मध्ये उभी राहिली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था आली, आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून तिचे सभासद घरोघरचा कचरा उचलू लागले. कागदात गुंडाळून लाल ठिपका काढलेली ही पुडी त्यांच्याच मागणीतून आलेली आहे. आत सॅनिटरी पॅड आहे, हे उघडून बघायची वेळ त्यांच्यावर येऊ नये म्हणून.

शहराचा उरलेला कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत पडला; एप्रिल 2017 मध्ये तिथे आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आणि गल्लोगल्ली ढीग साचले.

[दृश्य : गच्ची. लोखंडी चाळण. खाली पडणारं काळं, मोकळं खत.]

दोन-तीन महिन्यांनी चाळायचं. खाली पडतं ते खत. पावसानं भिजलेल्या मातीचा वास येतो त्याला. वर उरतात आंब्याच्या कोया, अंड्याची टरफलं, एखादा चमचा. कोया आणि टरफलं पुन्हा बादलीत. चमचा घासायला.

[दृश्य : कुंड्यांमधली मिरची, गवती चहा, अळू.]

अळूला हे खत फार मानवतं. मिरचीला जरा बेतानं.

[दृश्य : पुन्हा जिना. काकू पोती मोजताना.]

पोती एवढी कशाला? कारण पानं गळतात उन्हाळ्याच्या तोंडावर आणि बादली चालते बारा महिने. पावसाळ्यात सुकं पान मिळत नाही, आणि नेमका तेव्हाच कचरा सगळ्यात ओला असतो. मार्च संपेपर्यंत साठा झाला नाही तर ऑगस्टमध्ये नारळाचा भुसा विकत आणायचा, किंवा वर्तमानपत्रं फाडत बसायचं. सुताराकडचा लाकडी भुसाही चालतो. प्लायवूडचा मात्र काकू घेत नाहीत, त्यात डिंक असतो.