परदेशात कार्ड वापरताना रुपये नकोत, तिथलंच चलन निवडा

नमस्कार श्रोतेहो.

उसाची बिलं हातात आली, पोरांच्या परीक्षा आटोपल्या, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी हल्ली चोर्ला घाट उतरून गोव्याचं विमानतळ गाठतात. कुणी दुबईत नोकरीला असलेल्या लेकाकडे जातं, कुणी बँकॉकच्या सहलीला. निघायच्या आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा.

समजा, दुबईत खजूर, अत्तर, नातवाला खेळणी असं 400 दिरहमचं बिल झालं. कार्ड लावलं की दुकानदार मशीन तुमच्याकडे फिरवतो. पडद्यावर दोन ओळी असतात. एकीत 400 दिरहम, दुसरीत रुपयांतली रक्कम. रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडेच जातं. तिथे थांबा! त्या ओळीतला दर तुमची बँक ठरवत नाही. दुकानदाराची बँक आणि मशीनवाली कंपनी ठरवते आणि आपला नफा त्यात आधीच धरते.

हिशोबाला सोपं म्हणून दिरहमचा भाव 25 रुपये धरू. म्हणजे 10,000 रुपये. दिरहम निवडलेत तर तुमची बँक साधारण 2 ते 3.5 टक्के आकार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लावते. साडेतीन टक्के धरले तरी 10,413 रुपये होतात. रुपये निवडलेत आणि दरात 6 टक्के चढवलेले असले, तर थेट 10,600. शिवाय परदेशात रुपयांत व्यवहार केला म्हणून आपल्याकडच्या अनेक बँका वेगळा आकार घेतात तो निराळाच. काडी काडी करून साठवलेले पैसे असे जाताना मला फार वाईट वाटतं, कारण हा खर्च एका बटणाने वाचतो.

एटीएमवरही हाच प्रश्न येतो, जरा आडवळणाने. ‘कन्व्हर्जनसह’ की ‘कन्व्हर्जनशिवाय’? कन्व्हर्जन म्हणजे रकमेचा तिथल्या तिथे रुपयांत हिशोब, तो नाकारायचा. नाकारलं तरी पैसे मिळतात, घाबरू नका.

शेजारी देशांची गोष्ट वेगळी. भूतानचा नगुल्ट्रम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा, नेपाळात आपल्या 1 रुपयाला त्यांचे 1.60. तिथे दराची ही भानगड फारशी नाही.

आणखी एक. 2020 पासून नवीन कार्ड परदेशातल्या वापरासाठी बंद ठेवूनच मिळतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन ते सुरू करून घ्या, मर्यादाही घालून घ्या.

कधी दुकानदार न विचारताच रुपयांचं बटण दाबून मोकळा होतो. निवड तुमची आहे, व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड कंपन्यांचे नियमही तेच सांगतात. पावती हातात पडताच चलन बघा. रुपये दिसले तर काउंटर सोडू नका, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. इंग्रजी येत नसलं तरी ‘नो रुपी, दिरहम’ एवढं म्हटलं की त्याला कळतं.