निळ्याचं दुखणं

(दृश्य : मोबाइलचा काळा पडदा हळूहळू उजळतो.)

हा ओएलईडी, म्हणजे कार्बनी रेणूंनी उजळणारा पडदा. यामागे दिवा नाही. इथला प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, आणि काळं दाखवायचं असेल तिथे सरळ विझतो. उजेड देणारे सगळे थर एकावर एक रचले तरी जाडी भरते जेमतेम काहीशे नॅनोमीटर. हे थर कार्बनी रेणूंचे. कापडाचे रंग आणि औषधं ज्या रसायनशास्त्रातून येतात, त्यातूनच तेही आलेत.

ॲन्थ्रासीन या कार्बनी पदार्थाच्या स्फटिकातून वीज सोडली की तो उजळतो, हे 1960च्या दशकातच दिसलं होतं. पण त्यासाठी शेकडो व्होल्ट लागत. 1987 साली कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन अतिपातळ थर एकमेकांवर चढवले. एकातून इलेक्ट्रॉन यायचे, दुसऱ्यातून धन प्रभार, आणि दोघांची गाठ सीमेजवळ पडायची. दहापेक्षाही कमी व्होल्टवर हिरवा उजेड पडला. मात्र शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर येणारा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, होता साधारण एक.

(दृश्य : ॲनिमेशन. दोन प्रभार एका रेणूवर भेटतात.)

असं का, याचं एक मोठं कारण स्पिनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या एका अंगभूत क्वांटम गुणधर्मात आहे. प्रभारांच्या दर चार भेटींपैकी सरासरी एकच भेट रेणूला सिंग्लेट अवस्थेत नेते. ही अवस्था काही नॅनोसेकंदांत प्रकाश देऊन मोकळी होते. उरलेल्या तीन भेटींतून ट्रिप्लेट नावाच्या अवस्था तयार होतात, आणि साध्या कार्बनी रेणूत ट्रिप्लेटला प्रकाश देण्याची जवळजवळ बंदीच असते. त्यांची ऊर्जा उष्णता होऊन जाते. चारातले तीन वाया! पुढचं बरंचसं संशोधन म्हणजे या तिघांना कामाला लावायची खटपट.

1998 साली अमेरिकेत स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी रेणूत प्लॅटिनमचा अणू बसवला. पाठोपाठ इरिडियम आलं. जड अणूजवळ स्पिनचा नियम सैल पडतो आणि ट्रिप्लेटही उजळू लागतात. आजच्या पडद्यांतला लाल आणि हिरवा मुख्यतः याच वाटेने येतो. अडचण एवढीच, की इरिडियम पृथ्वीच्या कवचातल्या सर्वांत दुर्मिळ धातूंपैकी एक.

2012 साली जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने धातूशिवाय मार्ग काढला. सिंग्लेट आणि ट्रिप्लेट यांच्या ऊर्जेतलं अंतर त्यांनी इतकं कमी केलं, की खोलीतली ऊब ट्रिप्लेटला वर ढकलायला पुरते. त्यासाठी रेणूचा इलेक्ट्रॉन देणारा भाग आणि घेणारा भाग एकमेकांपासून पिळून वेगळे ठेवावे लागतात. पण फार वेगळे केले तर रेणू प्रकाश द्यायलाच रेंगाळतो, शिवाय रंगही पसरट होतो. रेणू रचणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. 2016 साली ताकुजी हाताकेयामा यांच्या गटाने बोरॉन आणि नायट्रोजन एकाच ताठ, सपाट सांगाड्यात बसवले आणि अतिशय शुद्ध निळा मिळवला.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली पडदा. निळे ठिपके इतरांपेक्षा मोठे.)

खरं दुखणं निळ्याचंच. निळ्या फोटॉनची ऊर्जा सुमारे 2.7 इलेक्ट्रॉन व्होल्ट. रेंगाळलेल्या दोन ट्रिप्लेटांची टक्कर झाली, तर एकाच रेणूवर इतकी ऊर्जा साचू शकते की त्याचे बंध तुटावेत. तुटलेले तुकडे पुढच्या प्रभारांना अडकवतात आणि ठिपका मंदावतो. म्हणून बहुतेक पडद्यांत निळ्यासाठी मुख्यतः सिंग्लेटवर चालणारा जुनाच, कमी कार्यक्षम पण टिकाऊ प्रकार वापरला गेला. ठिपका मोठा ठेवायचा, म्हणजे त्याच उजेडासाठी दर चौरस मायक्रोमीटरवर प्रवाहाचा ताण कमी. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घालणं हा अलीकडचा उपाय. कार्बनशी त्याचा बंध तुटायला जास्त अवघड असतो. मला तरी हा उपाय विलक्षण वाटतो : रंग जवळपास तोच, आयुष्य मात्र वाढतं.

रेणूने शंभर टक्के काम केलं तरी सपाट काचेतून बाहेर पडतो साधारण पाचवा हिस्सा. उरलेला प्रकाश थरांतच परावर्तित होत फिरतो. म्हणून प्रकाश विखुरणारे थर, सूक्ष्म भिंगं, आणि रेणू आडवे बसवण्याची धडपड.

दिव्यांसाठी हे सगळंच लागतं. 2009 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी दर वॉटला 90 ल्युमेन (उजेडाचं एकक) देणारा पांढरा ओएलईडी दाखवला, म्हणजे ट्यूबलाइटच्या तोडीचा. पण पांढऱ्यात निळा असतोच, आणि दिव्याला तासन् तास, पडद्यापेक्षा जास्त तेजाने जळावं लागतं.