मेकमायट्रिपचे मालक

साल २०००. दीप कालरा यांनी मेकमायट्रिप सुरू केली, तेव्हा भारतात ऑनलाइन तिकीट काढणारं गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतंच. म्हणून कंपनीने आधी अमेरिकेतले भारतीय धरले. त्यांच्या हाती क्रेडिट कार्ड होतं, घरात इंटरनेट होतं आणि मायदेशाची फेरी कधी ना कधी ठरलेलीच. डॉट-कॉमचा फुगा फुटला, तेव्हा याच गिऱ्हाइकाने कंपनीला तारलं.

२००२ मध्ये आयआरसीटीसीने रेल्वेची तिकिटं नेटवर विकायला घेतली. नेटवर पैसे भरायची लोकांची भीती मोडली ती तिथे. पुढच्याच वर्षी एअर डेक्कनने स्वस्त विमानप्रवास आणला, आणि २००५ मध्ये मेकमायट्रिप भारतीय बाजारात उतरली.

पण विमानाचं तिकीट हा पातळ नफ्याचा धंदा. सीट तीच, विमान तेच. शंभर रुपये कमी दिसले की गिऱ्हाईक दुसऱ्या साइटवर. त्यात सर्चमध्ये दिसणारं भाडं बऱ्याचदा आधी साठवून ठेवलेलं असतं. बुकिंग करताना विमान कंपनीच्या यंत्रणेला पुन्हा विचारलं जातं. तोवर त्या दराच्या सीट संपल्या असतील, तर भाडं वाढतं आणि शिव्या साइटला बसतात. खरी कमाई हॉटेलांत, कारण तिथे कमिशन जास्त.

ऑगस्ट २०१० मध्ये कंपनी नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावर गेली. १४ डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी २६ डॉलरवर बंद झाला.

पुढे गोआयबिबो या दुसऱ्या बुकिंग साइटशी सवलतींची झुंज लागली. कॅशबॅकवर दोघांचाही पैसा जळत होता. जानेवारी २०१६ मध्ये सीट्रिप या चिनी ऑनलाइन प्रवास कंपनीने मेकमायट्रिपचे १८ कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे घेतले, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज. त्याच वर्षी गोआयबिबोची मूळ कंपनी आयबिबो विकत घ्यायचा सौदा ठरला. रोकड नव्हे, शेअर मोजले गेले. गोआयबिबो आणि बसची तिकिटं विकणारी रेडबस आत आल्या, आणि आयबिबोची मुख्य मालक, दक्षिण आफ्रिकेची नॅस्पर्स, मेकमायट्रिपची सर्वांत मोठी भागधारक झाली. विकत घेणाऱ्या कंपनीतच विकणाऱ्याचा वाटा सुमारे ४० टक्के!

अ‍ॅपवर नावं दोन, तिजोरी एक. इतर साइटवर याहून स्वस्त खोली विकायची नाही, अशी अट हॉटेलांवर घातल्याचा ठपका भारतीय स्पर्धा आयोगाने ठेवला, आणि २०२२ मध्ये २२३ कोटींहून अधिक दंड ठोठावला.

मालकी मात्र त्याआधीच पुन्हा फिरली होती. २०१९ मध्ये नॅस्पर्सने आपला वाटा सीट्रिपला देऊन बदल्यात सीट्रिपचे शेअर घेतले. सीट्रिप, म्हणजे आजची ट्रिपडॉटकॉम, जवळपास निम्म्या मतांची धनी झाली. तरी कारभार गुरुग्राममधूनच चालत राहिला.

जून २०२५ मध्ये मेकमायट्रिपने ट्रिपडॉटकॉमकडचे बरेच शेअर परत घ्यायचं ठरवलं. त्यासाठी नवे शेअर आणि बिनव्याजी परिवर्तनीय रोखे विकून सुमारे ३ अब्ज डॉलर उभे केले. ट्रिपडॉटकॉमचा वाटा ४५ टक्क्यांवरून २० टक्क्यांखाली आला. रोख्यांची मुदत २०३० पर्यंत. तोवर शेअर पुरेसा चढला, तर रोखेधारक भागधारक होतील. नाही चढला, तर कंपनीला मुद्दल रोखीने फेडावं लागेल.