पुसट सायकलस्वार, ठळक लळिंग

[पडद्यावर: तळहातात मावेल एवढा चौकोनी कृष्णधवल फोटो. पुढे सायकलस्वार, मागे धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला.]

निवेदन:
खानदेशात घरोघरी लोखंडी पेटीच्या तळाशी सायकल शर्यतीचे असे फोटो अजून सापडतात. बहुतेक फोटोंत एक गोष्ट सारखी दिसते. शर्यत मारणारा पुसट आणि मागचा डोंगर, पूल, रस्त्याकडेचा दगड मात्र स्वच्छ. यात फोटो काढणाऱ्याचा हात हललेला नाही. घरगुती फोटोंसाठी त्या काळी ॲग्फा क्लिक-थ्रीसारखा साधा बॉक्स कॅमेरा असायचा. त्याचं शटर सेकंदाचा साधारण तिसावा भाग उघडं राहायचं. ताशी ३० किलोमीटरने निघालेली सायकल तेवढ्या वेळात २८ सेंटिमीटर पुढे सरकते. चेहरा, नंबराचं कापड, पायडल, सगळं त्यात फरफटतं. किल्ला हलत नाही, म्हणून तो नीट उमटतो.

त्यामुळे हे फोटो वाचताना आधी जागा ओळखायची आणि मग माणूस.

[पडद्यावर: सायकलच्या चेनवर कॅमेरा जवळ येतो.]

पण जागा ओळखण्याआधी चेन पाहा. सायकलची चेन स्वाराच्या उजव्या बाजूला असते. फोटोत ती डाव्या बाजूला दिसली, तर छापताना निगेटिव्ह उलटी ठेवली गेली आहे. दुकानाची पाटी नसलेल्या फोटोत ही चूक सहज खपते आणि मग सगळंच चुकतं. उजवीकडचा डोंगर डावीकडे जातो, नदीचा वरचा काठ खालचा होतो, आणि तुम्ही लळिंगच्या पायथ्याशी फोटो हातात धरून उभे राहिलात तरी डोंगरमाथ्याची रेघ जुळत नाही.

चोपडा-यावल-रावेर रस्त्यावर दुसरी खूण मिळते. सातपुडा उत्तरेला आहे. रावेरकडे तोंड करून चाललेल्या स्वाराच्या डाव्या हाताला डोंगर दिसलाच पाहिजे. सावलीही बोलते. थंडीच्या दिवसांत सकाळी सूर्य आग्नेयेला असतो. धुळ्याहून पारोळा, एरंडोलमार्गे जळगावकडे निघालेल्या स्वाराची सावली तेव्हा मागे आणि थोडी डावीकडे पडते. ती उजवीकडे पडली असेल, तर फोटो उलटा छापला आहे किंवा रस्ता दुसरा आहे.

[पडद्यावर: सुरुवातीच्या रेषेवर उभ्या सायकली.]

यंत्र नीट दिसतं ते शर्यत सुटण्याआधीच्या फोटोत, कारण तेव्हा सगळे थांबलेले असतात. या काही शर्यतीसाठी बनवलेल्या सायकली नव्हेत. रोज दूध, कापूस, डबे वाहणारी वीस-बावीस किलोची २८ इंची सायकल शर्यतीसाठी उतरवून घेतलेली आहे. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर काढलं की तीन-चार किलो कमी होतात. हँडल उलटं बसवून पाठ वाकवायची, तर ब्रेकच्या सळया काढाव्या लागतात. म्हणून उलट्या हँडलखाली सळया दिसत नसतील, तर त्या सायकलला पुढचा ब्रेकच नाही असं समजा.

खरा बदल मागच्या चाकात असतो. पुढे ४४ दाते आणि मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मागे १६ दाते बसवले की तेच सहा मीटरच्या थोडं वर जातं. मिनिटाला ९० फेरे धरले, तर वेग ताशी २९ वरून ३३ किलोमीटर होतो. त्याची किंमत चढावर मोजावी लागते. शिवाय फ्रीव्हील लहान झालं की चेन ढिली पडते. चाक सहा मिलिमीटरभर मागे ओढून नट आवळले नाहीत, तर सुटतानाच्या पहिल्याच झटक्यात चेन उतरते. सुरुवातीच्या फोटोत मागच्या ॲक्सलचा नट खाचेत किती मागे आहे, हे भिंग लावून बघण्यासारखं असतं.

खांद्यावरून तिरकी घेतलेली ट्यूब म्हणजे हार नव्हे. इथल्या रस्त्यांवर बाभळीचे काटे आणि सराटे. जास्तीची ट्यूब अंगावर आणि पंप सायकलच्या दांड्याला बांधलेला. पंक्चरच्या जोडीला आणखी एक दुखणं होतं, वालट्यूब. व्हॉल्व्हवर चढवलेली ही बारीक रबरी नळी उन्हाने चिकट होऊन फाटते आणि काटा न लागताच हवा जाते.

एक घोटाळा मात्र टाळा. छातीवर टाचलेल्या नोटा, गळ्यात हार, भोवती दिव्यांची माळ आणि गर्दीचं रिंगण, हा शर्यतीचा फोटो नाही. मैदानात दिवसरात्र सलग सायकल चालवण्याचा तो खेळ. त्याचे फोटो वेगळे ठेवा.

[पडद्यावर: जळगावजवळ बांभोरीला गिरणा नदीवरचा पूल, पलीकडे उघडी टेकडी.]

आता तारीख. पाटीवर पूर्व किंवा पश्चिम खानदेश असेल, तर फोटो १९०६ नंतरचा आणि साधारणपणे १९६० च्या आसपासच्या आधीचा. रस्त्याच्या दगडावर मैल असतील, तर साठच्या दशकापर्यंतचा. किलोमीटर असतील, तर त्यानंतरचा. फोटोमागच्या स्टुडिओच्या शिक्क्यात पिनकोड असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. ट्रकवर एमएच-१८ किंवा एमएच-१९ दिसलं, तर १९८९ च्या आधीचा नाहीच. जुने शिक्के आणि पाट्या बरीच वर्षं वापरात राहतात, म्हणून एकाच खुणेवर तारीख ठोकू नका, दोन तरी जुळवा.

समोरच्या फोटोत चेन उजवीकडे आहे, म्हणजे छपाई सुलटी. दगडावर किलोमीटर आहेत. टेकडीवर विद्यापीठाची एकही इमारत नाही, आणि उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं १९९० मध्ये. म्हणजे हा फोटो साठच्या दशकापासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत कधीतरी काढलेला. स्वाराचं नाव अजून कळलेलं नाही, पण आता नेमकं कोणाला विचारायचं ते कळलं: त्या पंचवीस-तीस वर्षांत पाळधी, बांभोरीत सायकल चालवणाऱ्यांना.

[पडद्यावर: चिकट पानांचा अल्बम. पानाखालून दोरा सरकतो.]

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, कोपरा तुटतो. आधी आहे तसाच पानासकट फोटो काढून ठेवा. मग दात साफ करायचा, मेण न लावलेला दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. पाणी लावू नका, उष्णता देऊ नका. सहा सेंटिमीटरच्या छोट्या प्रिंटला स्कॅनिंग १२०० डीपीआयला करा, निगेटिव्ह असेल तर २४०० ला, आणि भडक रंगसुधारणा न केलेली मूळ फाइल वेगळी ठेवा. मागे लिहायचं ते मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, न दाबता. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. या फोटोमागे एवढंच लिहिलं आहे: बांभोरी पूल, जळगावकडे तोंड, १९६० ते १९९०, चेन उजवीकडे.